खानदेशातील रुग्णालयांचा औषध व साहित्य पुरवठा

खानदेशातील रुग्णालयांचा औषध व साहित्य पुरवठा ही जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील रुग्णालयांना औषधे, सलाइन, प्राणवायू, शस्त्रक्रियेचे साहित्य व इतर वैद्यकीय वस्तू पोहोचविणारी व्यवस्था आहे. मागणीचा अंदाज, खरेदी, तपासणी, वाहतूक, साठवण व वाटप हे तिचे टप्पे आहेत. या सर्व टप्प्यांना मिळून पुरवठा साखळी म्हणतात. रुग्णसेवेचा दर्जा न घटविता खर्च कमी करणे हे तिच्या व्यवस्थापनाचे उद्दिष्ट असते. खर्च कमी करणे म्हणजे स्वस्त वस्तू घेणे, असा अर्थ अनेकदा घेतला जातो. प्रत्यक्षात पैशाची मोठी गळती दरापेक्षा चुकीच्या अंदाजात, उशिरात आणि सदोष साठवणीत होते. रुग्णालयात औषध नसले की रुग्णाच्या हाती बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी दिली जाते. तेव्हा रुग्णालयाच्या हिशेबात बचत दिसते, पण तो खर्च रुग्णाच्या कुटुंबावर गेलेला असतो.

रचना

पूर्वीच्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व खानदेश (आताचा जळगाव) व पश्चिम खानदेश (धुळे) असे विभाजन झाले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. आज जळगाव जिल्ह्यात १५, धुळ्यात ४ आणि नंदुरबारमध्ये ६ तालुके आहेत. धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासूनचे आहे. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची पहिली तुकडी २०१८ मध्ये सुरू झाली आणि तेथील जिल्हा रुग्णालय त्याला जोडले गेले. नंदुरबारचे महाविद्यालय त्यानंतरचे आहे.

एकाच जिल्ह्यात शासकीय पुरवठ्याच्या किमान तीन वाटा असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रांना जिल्हा परिषदेच्या औषध भांडारातून, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत, पुरवठा होतो. ग्रामीण रुग्णालये तसेच चोपडा, जामनेर, शिरपूर, दोंडाईचा येथील उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतात. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असून त्यांची मागणी अधिष्ठात्यांमार्फत जाते. अनुदानाची शीर्षे वेगळी, नोंदवह्या वेगळ्या आणि भांडारपालही वेगळे असतात. त्यामुळे एका भांडारात एखाद्या प्रतिजैविकाची मुदत संपत आली असताना त्याच शहरातील दुसऱ्या रुग्णालयात त्याचा तुटवडा असू शकतो. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतूनही औषधांसाठी तरतूद होते. तिचा उपयोग बहुधा तातडीची उणीव भरून काढण्यासाठी होतो.

खरेदीची पद्धत

दीर्घकाळ महाराष्ट्रात शासनाचे निरनिराळे विभाग आपापली खरेदी करीत. दर करार संचालनालयाच्या पातळीवर होत आणि त्यानुसार रुग्णालये मागणी नोंदवीत. एकाच औषधाचे वेगवेगळे दर आणि गरजेपेक्षा जास्त खरेदीचे आरोप यांमुळे या पद्धतीवर टीका झाली. २०१७ मध्ये राज्य शासनाने आरोग्यविषयक सर्व विभागांची औषधे व उपकरणे एकत्रितपणे खरेदी करण्याचे काम मुंबईतील हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपविले. हे महामंडळ परळच्या हाफकिन संस्थेतून १९७५ मध्ये निर्माण झाले. त्याचा मूळ व्यवसाय लसी व प्रतिविषे बनविण्याचा आहे.

एकत्रित खरेदीने दर खाली येतात, कारण मोठ्या मागणीसमोर उत्पादक कमी नफ्यावर माल देण्यास तयार होतो. मात्र निविदा, तांत्रिक छाननी, पुरवठा आदेश आणि देयके हे सारे एकाच ठिकाणी आले की तेथील उशीर साऱ्या राज्यात पोहोचतो. हाफकिनच्या काळात रुग्णालयांनी निधी वर्ग करूनही माल वेळेवर न आल्याच्या तक्रारी विधिमंडळात व वृत्तपत्रांत वारंवार आल्या. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२४ मध्ये विधिमंडळात सादर झालेल्या अहवालातही खरेदीतील विलंबावर बोट ठेवण्यात आले. माल न आल्यास रुग्णालयांना स्थानिक खरेदी करावी लागते. ती लहान प्रमाणात आणि घाईत होत असल्याने दर चढे असतात. त्यामुळे मध्यवर्ती निविदेत वाचलेला पैसा जिल्ह्याच्या बाजारात खर्ची पडतो.

२०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण हे स्वतंत्र प्राधिकरण स्थापन करण्यात आले. त्याच वर्षी ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या २४ तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा हे त्यामागील कारण असल्याचा आरोप झाला आणि शासनाने तो नाकारला. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. नव्या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नसल्याचा मुद्दाही सुनावणीत पुढे आला.

या संदर्भात तमिळनाडूचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथील वैद्यकीय सेवा महामंडळ १९९४ मध्ये स्थापन झाले. आवश्यक औषधांची मर्यादित यादी, दोन लिफाफ्यांची निविदा, जिल्हावार गोदामे आणि प्रत्येक तुकडीची प्रयोगशाळेत तपासणी हे त्याचे आधार आहेत. तेथे प्रत्येक रुग्णालयाला पासबुक दिले जाते. वर्षाला मंजूर झालेल्या रकमेतून रुग्णालय आपल्या गरजेप्रमाणे गोदामातून माल उचलते आणि उचललेल्या मालाची किंमत पासबुकातून वजा होते. खरेदी केंद्रित असली तरी निवड रुग्णालयाच्या हाती राहते. राजस्थानने २०११ मध्ये अशाच धर्तीचे महामंडळ स्थापन केले आणि त्याच वर्षी मोफत औषध योजना सुरू केली. महाराष्ट्रात खरेदी केंद्रित झाली, पण जिल्हा गोदामांचे जाळे आणि पासबुकासारखी लवचीकता तिच्यासोबत त्याच वेगाने आली नाही. तमिळनाडूशी तुलना करताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

मागणीचा अंदाज

वर्षाची मागणी सहसा मागील वर्षाच्या वापरावरून काढली जाते. या पद्धतीत एक फसवा दोष आहे. औषध संपलेले असते त्या काळातील वापर नोंदवहीत शून्य दिसतो, त्यामुळे पुढील वर्षाची मागणी आपोआप घटते आणि तुटवडाच नव्या तुटवड्याला कारण होतो. उदाहरणार्थ, एखाद्या ग्रामीण रुग्णालयाने वर्षभरात ९,००० गोळ्या वापरल्या, पण ३ महिने औषध शिल्लकच नव्हते, तर खरी गरज ९ महिन्यांच्या वापरावरून, म्हणजे १२,००० गोळ्या अशी धरावी लागते. औषध शिल्लक नसलेल्या दिवसांची स्वतंत्र नोंद ठेवल्याशिवाय हा हिशेब करता येत नाही.

मागणी केव्हा नोंदवायची, याचे उत्तर पुरवठ्याला लागणाऱ्या काळावर अवलंबून असते. महिन्याला ६०० सलाइनच्या बाटल्या लागतात, माल यायला ३ महिने लागतात आणि २ महिन्यांचा राखीव साठा ठेवायचा आहे, असे समजले तर ३,००० बाटल्या शिल्लक असतानाच नवी मागणी नोंदवावी लागते. पुरवठा १ महिन्यात खात्रीने होऊ लागला आणि राखीव साठा १ महिन्यावर आणता आला, तर हीच पातळी १,२०० वर येते. दरात एका पैशाचाही फरक न पडता साठ्यात अडकलेली रक्कम, जागा आणि मुदतबाह्य होण्याचा धोका कमी होतो. याउलट पुरवठादारांची देयके रखडली की पुढचा माल उशिरा येतो. अनुभवाने शहाणा झालेला भांडारपाल मग गरजेपेक्षा जास्त मागणी नोंदवू लागतो आणि अंदाजाचे गणितच कोलमडते.

औषधांची वर्गवारी दोन निकषांवर करतात. एबीसी विश्लेषणात खर्चाचा विचार असतो. एकूण वस्तूंपैकी थोड्याच वस्तू बहुतांश खर्चाला कारणीभूत असतात. त्या ‘ए’ गटात येतात आणि त्यांच्यावर बारकाईने लक्ष ठेवले जाते. व्हीईडी विश्लेषणात जीवरक्षक, आवश्यक व इष्ट असे तीन गट केले जातात. दोन्ही वर्गवाऱ्या एकत्र पाहिल्या तरच त्यांचा उपयोग होतो. केवळ खर्च पाहिला तर स्वस्त पण जीवरक्षक औषधे दुर्लक्षित राहतात. विषबाधेवरील ॲट्रोपीन हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

यादी लहान ठेवणे हाही खर्च कमी करण्याचा मार्ग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांची पहिली यादी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीत ३८४ औषधे आहेत. एकाच गुणाच्या चार औषधांऐवजी एक औषध मोठ्या प्रमाणात घेतले तर दर, साठवण आणि तपासणी या तिन्हींत बचत होते.

खानदेशातील विशेष गरजा

राज्यासाठी ठरविलेल्या सरासरी प्रमाणात खानदेशाची गरज बसत नाही. जळगाव व धुळे जिल्ह्यांत कापसाचे क्षेत्र मोठे आहे. फवारणीच्या हंगामात कीटकनाशकांच्या विषबाधेचे रुग्ण येतात. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या गंभीर विषबाधेत एकाच रुग्णाला ॲट्रोपीनच्या असंख्य कुप्या लागू शकतात. त्यामुळे वार्षिक वापराला बाराने भागून काढलेली सरासरी पावसाळ्यात उपयोगाची ठरत नाही.

सर्पदंशाचेही तसेच आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर चालणारे बहुगुणी प्रतिविष भारतात वापरले जाते. विषबाधा झालेल्या रुग्णाला सुरुवातीलाच साधारणतः ८ ते १० कुप्या द्याव्या लागतात. म्हणून आरोग्य केंद्रात २-३ कुप्या ठेवणे म्हणजे नोंदवहीपुरता साठा ठेवणे होय. सातपुड्याच्या पायथ्याच्या चोपडा, यावल, रावेर व शिरपूर तालुक्यांतून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचण्यास वेळ लागत असल्याने पुरेसा साठा खालच्या केंद्रात असावा लागतो. दुसरीकडे, प्रत्येक केंद्रात पूर्ण मात्रा ठेवली तर काही कुप्या न वापरताच मुदतबाह्य होतात. मुदत जवळ आलेल्या कुप्या वेळीच जास्त रुग्ण येणाऱ्या रुग्णालयाकडे हलविणे आणि त्या बदल्यात नव्या कुप्या केंद्राकडे पाठविणे हा यावरील उपाय आहे.

भिल्ल, पावरा आदी आदिवासी समाजांत सिकलसेल आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. त्यावरील हायड्रॉक्सीयुरिया हे औषध अनेक रुग्णांना दररोज व दीर्घकाळ घ्यावे लागते. राज्याच्या एकूण खर्चात त्याचा वाटा किरकोळ असला तरी नंदुरबार, साक्री वा शिरपूरकडील रुग्णासाठी त्याचा खंडित पुरवठा म्हणजे पुन्हा वेदनांचे झटके व रुग्णालयात भरती होणे. या भरतीचा खर्च औषधाच्या किमतीपेक्षा जास्त असतो.

साठवण

अनेक औषधांच्या वेष्टनावर २५ किंवा ३० अंश सेल्सिअसच्या खाली साठविण्याची सूचना असते. जळगाव-भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या छताच्या किंवा कोंदट खोलीत आतील तापमान याहून वाढू शकते. अशा साठवणीत औषधाचा गुण मुदतीपूर्वीच घटण्याची शक्यता असते आणि गोळी वरून जशीच्या तशी दिसत असल्याने ते लक्षातही येत नाही. वातानुकूलनाचे वीजदेयक डोळ्यांत भरते, पण खराब औषधाची किंमत कोणत्याच लेखाशीर्षात दिसत नाही.

इन्सुलिन, लसी आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागतात. द्रवरूप प्रतिविषालाही हीच मर्यादा लागू होते. भुकटीरूप प्रतिविष शीतकपाटाविना टिकते, म्हणून वीजपुरवठा अनियमित असलेल्या केंद्रांसाठी ते सोयीचे असते. लसींसाठी बर्फाच्या अस्तराची शीतकपाटे व तापमानाची दैनंदिन नोंद ही शिस्त लसीकरण कार्यक्रमाने रुजविली आहे. इतर औषधांच्या भांडारात तशी शिस्त अभावानेच आढळते.

मांडणीत ‘आधी मुदत संपणारे आधी बाहेर’ हा नियम पाळला जातो. नवा माल मागे आणि जुना पुढे ठेवण्याइतकी ही साधी गोष्ट आहे. मात्र जागा अपुरी असली आणि आर्थिक वर्षाच्या अखेरीस मार्चमध्ये माल एकदम आला की खोकी जागा मिळेल तशी रचली जातात. महाराष्ट्रात ई-औषधी या संगणक प्रणालीवर साठ्याच्या नोंदी ठेवल्या जातात. सीडॅक या संस्थेने ती विकसित केली आहे. कोणत्या भांडारात कोणत्या मुदतीचा किती माल आहे हे तीत दिसू शकते, त्यामुळे एका रुग्णालयाचा जादा साठा दुसऱ्याकडे वळविणे शक्य होते. वाटपाच्या नोंदी त्याच दिवशी भरल्या नाहीत तर पडद्यावरील साठा व कपाटातील साठा यांत तफावत पडते.

प्राणवायू

पुरवठा व वापर या दोन्ही बाजू एकत्र हाताळल्याचे उदाहरण कोविडच्या काळात नंदुरबारमध्ये घडले. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने सप्टेंबर २०२० मध्ये, पहिली लाट ओसरण्याच्या सुमारास, हवेपासून प्राणवायू वेगळा करणारा प्रकल्प तेथे उभारला गेला आणि पुढे त्यांची संख्या वाढविण्यात आली. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत देशभर प्राणवायूची टंचाई असताना या आदिवासीबहुल जिल्ह्याचे बाहेरील टाक्यांवरील अवलंबित्व त्यामुळे कमी राहिले.

त्याच्या जोडीला ‘ऑक्सिजन नर्स’ नेमण्याची पद्धत तेथे अमलात आली. नेमून दिलेल्या परिचारिकेने रुग्णांच्या रक्तातील प्राणवायूची पातळी ठरावीक काळाने पाहून प्रवाह गरजेइतकाच ठेवायचा, गळती शोधायची आणि जेवताना वा उठताना मुखवटा काढल्यावर प्रवाह बंद करायचा, असे हे काम होते. त्यातील बचत साध्या हिशेबाने समजते. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला १० लिटर प्रवाहाने तो पावणेबारा तासांच्या आत संपतो, तर ५ लिटरने जवळपास दुप्पट काळ पुरतो. पुरेशी पातळी टिकत असताना प्रवाह कमी करणे ही उपचारातील काटछाट नसून योग्य मात्रा देणेच आहे.

केवळ साठा असून भागत नाही, हे त्याच महिन्यात शेजारच्या नाशिकमध्ये दिसले. २१ एप्रिल २०२१ रोजी डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती होऊन प्राणवायूचा दाब घटला आणि २० हून अधिक रुग्णांचा मृत्यू झाला.

गुणवत्ता

कमीत कमी दराच्या निविदेत निकृष्ट माल येण्याचा धोका असतो. म्हणून दराचा लिफाफा उघडण्यापूर्वी उत्पादकाची क्षमता, उत्पादनपद्धतीचे प्रमाणपत्र व पूर्वीचा पुरवठा तपासला जातो. माल आल्यावर तुकडीनिहाय नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठविले जातात. अहवाल येण्यापूर्वीच औषध वाटले गेले तर तपासणी केवळ कागदोपत्री उरते. २०२४ मध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांच्या तपासात, शासकीय रुग्णालयांना पुरविलेल्या प्रतिजैविकांच्या काही गोळ्यांत औषधी घटकाऐवजी शंखजिरे व स्टार्च असल्याचे पुढे आले. अशा गोळीचा दर कितीही कमी असला तरी संसर्ग बळावलेल्या रुग्णावर नंतर होणारा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो.

खासगी रुग्णालये व विमा योजना

जळगाव व धुळे शहरांत खासगी रुग्णालयांची संख्या मोठी असून त्यांची स्वतःची औषध दुकाने असतात. तेथे खर्चकपातीचा दबाव मुख्यतः शासकीय योजनांच्या ठरावीक दरांतून येतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होते. पुढे तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. या योजनेत उपचाराची एकत्रित रक्कम ठरलेली असते, म्हणून वापरलेले साहित्य जितके महाग तितकी रुग्णालयाची शिल्लक कमी राहते. रुग्णाच्या देयकात प्रत्येक वस्तू लावण्याच्या पद्धतीत प्रोत्साहन नेमके उलटे असते. २०१७ मध्ये केंद्र शासनाने हृदयातील स्टेंट व गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. सांधे व स्टेंट यांसारख्या महाग वस्तू पुरवठादाराच्या मालकीतच रुग्णालयात ठेवण्याची आणि वापरल्यावरच पैसे देण्याची पद्धतही रूढ आहे. त्यामुळे विविध आकारांच्या वस्तू हाताशी राहतात आणि रुग्णालयाचे भांडवल अडकत नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्यात आले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये या निर्णयात नव्हती. शुल्क उठल्यावर रुग्णसंख्या वाढते आणि मागील वर्षाच्या वापरावर आधारलेली औषधांची मागणी त्या वर्षी अपुरी पडते.

पावसाळ्यापूर्वीचा साठा

नंदुरबारमधील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील काही गावे सरदार सरोवराच्या फुगवट्यालगत आहेत. नर्मदाकाठच्या या गावांसाठी बोट रुग्णवाहिका वापरल्या जातात. पावसाळ्यात घाटरस्ते खचतात आणि नदीतील प्रवासही धोक्याचा होतो. अशा केंद्रांना मासिक पुरवठ्याची पद्धत लागू पडत नाही. जूनपूर्वी किमान पावसाळाभर पुरतील इतकी क्षारसंजीवनीची पाकिटे, हिवतापाच्या गोळ्या, प्रतिविष, जंतनाशके व प्रसूतीचे साहित्य तेथे पोहोचवून ठेवावे लागते. यातील काही औषधे ऑक्टोबरपर्यंत शिल्लक राहतात. धुळे वा जळगाव शहरातील भांडारात अशी शिल्लक म्हणजे जादा खरेदी ठरली असती. अक्राणीत तो राखीव साठाच असतो. पाऊस ओसरल्यावर मुदत तपासून तो खालच्या रुग्णालयांकडे वळविता येतो.